आधी तुटण्याचा नकाशा, मग जोडणीची ऑर्डर

डेटा सेंटर आणि क्लाउड किंवा दुसरा कुठला सेवा पुरवठादार यांच्यात व्हर्च्युअल जोडणी उभी करणं आता फार सोपं झालंय. फॅब्रिक म्हणजे डेटा सेंटर आणि पुरवठादार यांना जोडणारं तयार, सामायिक नेटवर्क. त्याच्या पोर्टलवर जायचं, आपला पोर्ट, म्हणजे त्या नेटवर्कला जोडलेलं आपलं टोक, निवडायचा, समोरचा पुरवठादार निवडायचा, बँडविड्थ टाकायची, बटण दाबायचं. पोर्ट आधीच जोडलेला असेल तर काही मिनिटांत सर्किट, म्हणजे ती जोडणी, हिरवं दिसतं. आणि हिरवं दिसलं की आखणी झाली असं सगळ्यांना वाटायला लागतं. भाड्याच्या लाइनसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागायचं, तेव्हा निदान त्या वेळात कोणीतरी कागद पुढे ओढून विचार करायचं.

माझं काम नेटवर्क आखणीचं. टीममध्ये नवीन कोणी आलं की पोर्टलचं लॉगिन मी लगेच देत नाही. आधी कागद आणि लाल पेन देते. जोडणी काढायची, मग एकेका ठिकाणी लाल फुली मारायची, आणि प्रत्येक फुलीसमोर लिहायचं की हे तुटलं तर वाहतूक कुठून जाईल. ज्या फुलीला उत्तर नाही तिथे एकतर खर्च करायचा, नाहीतर ‘हे तुटलं तर सेवा बंद राहील’ असं लिहून त्यावर धंदा चालवणाऱ्यांची सही घ्यायची. ही सही घ्यायला गेलं की बरेचदा बजेट आपोआप निघतं, तो भाग वेगळा.

पुढचं सगळं एका उदाहरणाच्या आधाराने सांगते. समजा दोन डेटा सेंटर आहेत, फायबरच्या मार्गाने ३०० किलोमीटर अंतरावर. पहिल्यात मुख्य डेटाबेस, दुसऱ्यात त्याची प्रत. ॲप्लिकेशनचा एक भाग एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडवर, रिपोर्टिंग मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर, आणि एक पेमेंट प्रक्रिया करणारी कंपनी, जिच्याशी इंटरनेटवरून नाही तर खासगी वाटेने बोलायचंय.

यात व्हर्च्युअल नेमकं काय

तुमच्या रॅकमधल्या राउटरपासून मीट-मी रूममार्गे (सगळ्यांच्या केबल एकत्र येतात ती इमारतीतली खोली) फॅब्रिकच्या स्विचपर्यंत जाते ती खरीखुरी फायबर. हिला क्रॉस कनेक्ट म्हणतात. ती सिंगल-मोड असते, आणि १० जीबीपीएस पोर्टला दोन्ही टोकांना एलआर, म्हणजे लांब पल्ल्याच्या, प्रकारची ऑप्टिक (फायबरमध्ये प्रकाश सोडणारा आणि वाचणारा भाग) लागते. रॅकमधल्या रॅकमध्ये वापरायची, कमी पल्ल्याची एसआर ऑप्टिक पडून आहे म्हणून तीच लावणारे लोक मी पाहिलेत. लिंक वर येत नाही आणि दोष फॅब्रिकवर ढकलला जातो.

फॅब्रिकच्या आत एमपीएलएस किंवा व्हीएक्सलॅन या तंत्रांवर तुमची वाहतूक इतर गिऱ्हाइकांपासून वेगळी वाहून नेली जाते. तुम्हाला त्यातलं काही दिसत नाही, दिसतो तो फक्त एक व्हीलॅन, म्हणजे क्रमांकाचा टॅग लावून वेगळी ठेवलेली वाहतूक. पलीकडे सेवा पुरवठादाराचाही असाच एक पोर्ट फॅब्रिकला जोडलेला असतो आणि त्यावर अनेक गिऱ्हाइकांची सर्किट उतरतात. म्हणजे मधला भागच काय तो व्हर्च्युअल. दोन्ही टोकांना वायर, स्विच आणि पॉवर सप्लाय आहेतच. एका पोर्टवर तुमची पाच सर्किट असली तरी त्या पोर्टवरच्या एका फुलीने पाचही जातात.

किती वाहणार आणि किती वेळ सहन होणार

बँडविड्थचा आकडा बहुतेक ठिकाणी अंदाजपंचे ठरतो. ‘एक गिग घेऊन ठेवू.’ त्यापेक्षा गणित करा, अवघड नसतं.

रोज रात्री ९०० गीगाबाइट बदललेला डेटा ६ तासांत क्लाउडमध्ये पोचायचाय असं धरा. म्हणजे सरासरी सुमारे ३३३ एमबीपीएस. ५०० एमबीपीएसचं सर्किट पुरेसं वाटतं, आणि रोजच्या कामाला ते पुरतंही. पण पहिल्या दिवशी ६० टेराबाइटची पूर्ण प्रत न्यायची असेल तर त्याच सर्किटवर, ते अखंड भरून वाहिलं तरी, अकरा दिवस लागतील. ‘तेवढ्यापुरती बँडविड्थ वाढवू आणि मग कमी करू’ हा मार्ग सगळीकडे चालत नाही. एक्सप्रेसरूट या ॲझ्युरच्या खासगी जोडणीच्या सर्किटची बँडविड्थ चालू अवस्थेत वाढवता येते, कमी करता येत नाही. कमी करायची तर सर्किट काढून नवीन घ्यावं लागतं. त्यामुळे पहिल्या भरतीसाठी वेगळं, तात्पुरतं सर्किट घ्यायचं आणि काम झालं की ते काढून टाकायचं हे मला जास्त सुटसुटीत वाटतं.

सर्किटचा आकडा मोठा असून उपयोग नाही, जर पलीकडचा गेटवे, म्हणजे क्लाउडमध्ये शिरण्याचं दार, छोटा असेल. ॲझ्युरमध्ये एक्सप्रेसरूट गेटवेच्या स्टँडर्ड वर्गाची क्षमता साधारण १ जीबीपीएस आहे. त्याच्यापुढे ५ जीबीपीएसचं सर्किट लावलं तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? राउटरपासून ते क्लाउडमधल्या सर्व्हरपर्यंतचं प्रत्येक उपकरण कागदावर घ्या, त्याची क्षमता बाजूला लिहा आणि सगळ्यात लहान आकड्याला गोल करा. तुमची खरी बँडविड्थ तीच.

वेळेचं गणित याहून महत्त्वाचं, कारण बँडविड्थ विकत मिळते, प्रकाशाचा वेग नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. आपल्या दोन डेटा सेंटरमध्ये कमीत कमी ३ मिलिसेकंद लागणारच. डेटाबेसची प्रत सिंक्रोनस ठेवली, म्हणजे दुसरीकडून होकार आल्यावरच नोंद पक्की (कमिट) होत असेल, तर एकामागोमाग एक होणाऱ्या १,००० कमिटना नुसत्या वाटेतच ३ सेकंद जातील. ॲप्लिकेशन क्लाउडमध्ये, डेटाबेस इकडे, आणि एक पान उघडायला २०० क्वेरी एकीमागून एक जात असतील, तर ८ मिलिसेकंदांच्या अंतरावर ते पान १.६ सेकंद नुसतं वाट पाहत बसेल. हे नेटवर्कने सुटत नाही. ॲप्लिकेशनवाल्यांना आखणीच्या पहिल्याच बैठकीत बसवायचं ते यासाठी. आणि नकाशावरचं अंतर मोजू नका; फायबर सरळ रेषेत जात नाही. पुरवठादाराकडून मार्गाची लांबी किंवा मोजलेला विलंब लेखी घ्या.

अजून एक आकडा. ४० मिलिसेकंदांच्या वाटेवर १ जीबीपीएस भरून काढायला टीसीपीला ५ मेगाबाइटची विंडो, म्हणजे पोच यायच्या आत पाठवता येणारा डेटा, लागते. जुन्या सिस्टिमवर ती ६४ किलोबाइटवर अडकली असेल तर एका कनेक्शनला जेमतेम १३ एमबीपीएस मिळतात, सर्किट कितीही मोठं असो. ‘एवढे पैसे भरले, कॉपी तरी हळूच’ ही तक्रार आली की मी आधी तिथे पाहते.

लाल फुल्या

आता मुख्य काम. माझ्या कागदावर फुल्या आतून बाहेर या क्रमाने पडतात: ऑप्टिक, फायबर, फॅब्रिकचा स्विच, आपला राउटर, ती इमारत, पुरवठादाराचा एज राउटर (त्याच्या नेटवर्कच्या कडेचा), आणि शेवटी ते शहर.

ऑप्टिक किंवा एक फायबर गेली तर लॅग, म्हणजे अनेक पोर्ट मिळून बांधलेला एक जुडगा, तुम्हाला वाचवतो. लोक तिथेच थांबतात. पण लॅगची सगळी टोकं साधारणपणे एकाच उपकरणावर उतरतात. डायरेक्ट कनेक्ट या एडब्ल्यूएसच्या खासगी जोडणीत तर तसा नियमच आहे. त्या उपकरणाचं सॉफ्टवेअर अपग्रेड निघालं की जुडगा पूर्ण खाली. म्हणून दोन पोर्ट दोन वेगळ्या स्विचवर हवेत आणि हे ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. मेगापोर्ट या फॅब्रिक पुरवठादाराकडे पोर्ट घेताना लाल आणि निळा असे दोन गट दिसतात, ते यासाठीच. इतरांकडे प्रायमरी-सेकंडरी अशी नावं असतात. नुसते दोन पोर्ट मागवले आणि काही सांगितलं नाही, तर ते एकाच स्विचवर शेजारी-शेजारी मिळू शकतात.

फायबरच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. दोन क्रॉस कनेक्ट वेगळ्या मीट-मी रूममधून, वेगळ्या मार्गाने आणा असं मी लेखी मागते आणि मार्गाचं रेखाचित्रही मागते. एका संस्थेत दोन वेगळ्या पुरवठादारांच्या दोन लाइन होत्या, कागदोपत्री सगळं छान. रेखाचित्र मागवल्यावर दिसलं की इमारतीत शिरताना दोघांच्या केबल एकाच डक्टमध्ये आहेत. पुरवठादार वेगळे म्हणजे वाटा वेगळ्या, असं काही नसतं.

पलीकडच्या टोकाला प्रत्येक क्लाउडची तऱ्हा निराळी, आणि इथे अर्धवट माहितीवर जास्त गडबड होते.

ॲझ्युरमध्ये एक सर्किट म्हणजे मुळात दोन जोडण्या, दोन वेगळ्या एज राउटरवर. दोन्ही जोडण्यांवर बीजीपी हवं, म्हणजे कोणते पत्ते कुठून गाठायचे (रूट) हे राउटरने एकमेकांना सांगायची पद्धत. फॅब्रिकवर मात्र त्या दोन जोडण्या तुम्हाला दोन वेगवेगळ्या व्हर्च्युअल सर्किटच्या रूपात ऑर्डर कराव्या लागू शकतात. पहिली करून ‘चालतंय की’ म्हणून दुसरी सोडून दिलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. मायक्रोसॉफ्ट त्यांच्या बाजूची देखभाल एका वेळी एका राउटरवर करतं. ज्याने एकच जोडणी केली त्याच्यासाठी ती देखभाल म्हणजे सेवाबंदी.

एडब्ल्यूएसमध्ये असं जोडीने काही मिळत नाही. एक होस्टेड कनेक्शन (फॅब्रिकमार्फत मिळणारी जोडणी) म्हणजे एकच. दुसरं स्वतः मागायचं, शक्यतो दुसऱ्या डायरेक्ट कनेक्ट लोकेशनवर. गूगलमध्ये व्हीलॅन अटॅचमेंट (त्यांच्या बाजूचं सर्किट) घेताना एज अव्हेलेबिलिटी डोमेन (देखभालीला एकाच वेळी न जाणारे गट) १ की २ असं विचारलं जातं. दोन अटॅचमेंट दोन वेगळ्या डोमेनमध्ये टाकायच्या. ९९.९९ टक्क्यांची हमी हवी असेल तर दोन वेगळ्या मेट्रोमध्ये, म्हणजे महानगरांत, प्रत्येकी दोन, म्हणजे चार. शंभरातल्या त्या शेवटच्या अंशासाठी खर्च जवळपास दुप्पट होतो. प्रत्येक ॲप्लिकेशनला त्याची गरज नसते, आणि ते बोलून दाखवायला लाजू नये.

पेमेंट कंपनीसारखे छोटे पुरवठादार याहून वेगळे. त्यांचा फॅब्रिकवर कधीकधी एकच पोर्ट असतो. तुम्ही तुमच्याकडे दोन पोर्ट, दोन राउटर, दोन इमारती केल्या, तरी पलीकडे फुली एकच. सरळ विचारा: ‘तुमचे पोर्ट किती, कोणत्या इमारतीत, एक बंद पडला तर?’ उत्तर समाधानकारक नसेल तर त्यांच्याकडे जाणारी दुसरी वाट इंटरनेटवरून आयपीसेक, म्हणजे कूटबद्ध, बोगद्याची ठेवा. हळू चालेल, पण पेमेंटचे संदेश आकाराने लहान असतात, निभतं.

दोन वाटा केल्या की प्रत्येकीवर निम्म्याहून जास्त भार जाऊ द्यायचा नाही. १ जीबीपीएसच्या दोन सर्किटवर ७००-७०० एमबीपीएस वाहत असेल, तर एक तुटल्यावर दुसरी १,४०० कशी वाहणार? सुरुवातीला सगळे हे पाळतात. मग दीड वर्षात वाहतूक वाढते, दोन्ही हिरवी दिसतात, आणि कोणी लक्ष देत नाही. म्हणून मॉनिटरिंगमध्ये इशाऱ्याची रेषा ८० टक्क्यांवर नाही, ४५ टक्क्यांवर लावा.

आकड्यांचं कोष्टक

पोर्टल उघडण्याआधी भरायचं कोष्टक: व्हीलॅन, लिंकचे आयपी, दोन्ही बाजूंचे एएस क्रमांक (बीजीपीत नेटवर्कची ओळख), जाहीर करायचे रूट, येऊ द्यायचे रूट, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार), बीजीपीचा पासवर्ड कुठे ठेवलाय. एका ओळीत एक सर्किट.

पत्ते आधी. क्लाउडमध्ये कोणीतरी प्रयोग म्हणून नेटवर्क बनवतं, १०.०.०.०/१६ हा पहिला सुचलेला पत्ता देतं (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान तितका पत्त्यांचा तुकडा मोठा), आणि वर्षभराने तेच उत्पादनात येतं. डेटा सेंटरमध्येही तोच पत्ता असतो. मग दोन्ही जोडायची वेळ आली की रडारड. आपल्या उदाहरणात मी १०.४०.०.०/१४ हा एक सलग तुकडा घेईन: १०.४० पहिल्या डेटा सेंटरला, १०.४१ दुसऱ्याला, १०.४२ एडब्ल्यूएसला, १०.४३ ॲझ्युरला. सलग असण्याचा फायदा असा की बाहेर एकच रूट जाहीर करून भागतं. आणि रूटची संख्या ही गंमत नाही. एडब्ल्यूएसच्या खासगी इंटरफेसवर (डायरेक्ट कनेक्टवरचं खासगी पत्त्यांसाठीचं व्हर्च्युअल टोक) तुम्ही १०० पेक्षा जास्त रूट जाहीर केले तर जादाचे रूट नुसते गाळले जात नाहीत, पूर्ण बीजीपी सत्रच खाली जातं. ॲझ्युरच्या प्रायव्हेट पीअरिंगला (तिथलं खासगी पत्त्यांचं बीजीपी सत्र) ही मर्यादा साधारण ४,००० आणि प्रीमियम वर्गाच्या सर्किटला १०,००० आहे, परिणाम तोच. कोणीतरी आतल्या राउटरवर छोटे-छोटे रूट सोडतं आणि दोन्ही वाटा एकाच क्षणी पडतात, कारण चूक दोन्हीकडे सारखीच पोचते. लाल पेनच्या कागदावर ही फुली दिसत नाही. बाहेर जाणाऱ्या रूटना कडक यादी लावणं हाच उपाय.

सारांश रूट, म्हणजे अनेक छोट्यांऐवजी एकच मोठा रूट, जाहीर करताना एक खबरदारी. तो हाताने कायमचा टाकलेला असेल तर मागचं डेटा सेंटर मेलं तरी राउटर तो जाहीर करत राहतो आणि वाहतूक खड्ड्यात पडत राहते. मागे खरे रूट जिवंत असतील तरच सारांश बाहेर जाईल अशी अट घाला.

एएस क्रमांकात खासगी म्हणून ६४५१२ ते ६५५३४ मोकळे आहेत. बहुतेक जण पहिलाच, ६४५१२, उचलतात. डायरेक्ट कनेक्ट गेटवेचा न बदलता मिळणारा क्रमांकही ६४५१२ आहे. दोन्ही बाजूंना एकच क्रमांक आला की बीजीपी आपल्याला हवं तसं वागत नाही. ॲझ्युरमध्ये ६५५१५ ते ६५५२० राखीव आहेत, आणि गूगलच्या पार्टनर इंटरकनेक्टसाठी (फॅब्रिकमार्फतची खासगी जोडणी) त्यांच्या क्लाउड राउटरला १६५५० च द्यावा लागतो. मी ४२० कोटींच्या पुढची चार बाइटची खासगी मालिका वापरते. दिसायला लांबलचक, पण कोणाशी टक्कर होत नाही. फक्त छोट्या पुरवठादाराचं जुनं उपकरण चार बाइटचे क्रमांक समजतं का, ते आधी विचारून घ्या.

ॲझ्युरला दोन /३० लागतात, प्रायमरीला एक, सेकंडरीला एक. प्रत्येकातला पहिला वापरण्याजोगा पत्ता तुमचा, दुसरा मायक्रोसॉफ्टचा. उलटं टाकलं तर सगळं बरोबर दिसतं आणि बीजीपी वर येत नाही.

व्हीलॅनचा क्रमांक १२ बिटांचा, त्यामुळे ४,०९४ च्या आत. एवढे कोणालाच लागत नाहीत, तरी सर्किटला क्रमांक देताना पद्धत ठेवा. आपल्या पोर्टवरचा व्हीलॅन आणि पलीकडचा व्हीलॅन वेगळे असू शकतात. फॅब्रिक मध्ये बदलून देतं. खरा गुंता आहे तो दुहेरी टॅगचा. एक्सप्रेसरूट पुरवठादाराकडून क्यू-इन-क्यू मागतं: बाहेरचा टॅग सर्किटचा, आतला पीअरिंगचा. तुमचा पोर्ट साध्या टॅगचा असेल तर फॅब्रिक बाहेरचा टॅग स्वतः लावून देऊ शकतं का, हे पोर्ट घेण्याआधी विचारा. पोर्टचा टॅगिंग प्रकार नंतर बदलणं म्हणजे त्यावरची सगळी सर्किट उचलून परत ठेवणं. आणि दुहेरी टॅग स्वतः लावणार असाल तर बाहेरच्या टॅगचा एथरटाइप (टॅगचा प्रकार सांगणारा क्रमांक) ८१०० की ८८ए८ हे दोन्ही बाजूंनी एकच धरलं पाहिजे.

पेमेंट कंपनीकडेही १०.४० असेलच असं धरून चाला. अशा ठिकाणी नॅट, म्हणजे वाटेत पत्ते बदलणं, टाळता येत नाही. मग नॅट कोण करणार, कोणत्या पत्त्यांवर, आणि लॉग कोण ठेवणार, हे करारात लिहा. मी यासाठी आपल्या मालकीच्या सार्वजनिक पत्त्यांतला छोटा तुकडा वापरते. तो जगात एकमेव असतो, वाद संपतो.

एमटीयू आणि अचानक गळणारी पॅकेट

एडब्ल्यूएसचा खासगी इंटरफेस १,५०० किंवा ९,००१ बाइट घेतो, ट्रान्झिट इंटरफेस ८,५०० पर्यंत, ॲझ्युर १,५००, गूगलमध्ये १,४४० पासून ८,८९६ पर्यंत पर्याय. मधलं फॅब्रिक काय वाहतं ते वेगळंच. सगळ्यांत लहान आकडा धरून चालावं लागतं. मोठ्या फ्रेमची गरज फक्त बॅकअप आणि प्रतीच्या वाहतुकीला असते; बाकी सगळं १,५०० वर ठेवा आणि सुखाने झोपा. इंटरफेसचा एमटीयू नंतर वाढवता येतो, पण एडब्ल्यूएसवर तो बदल करताना त्या कनेक्शनवरचे सगळे इंटरफेस ३० सेकंदांपर्यंत अडखळू शकतात.

व्हर्च्युअल सर्किटची बँडविड्थ बहुधा पोलिसिंगने राखली जाते. म्हणजे ५०० एमबीपीएसच्या वर एक क्षण जरी उसळी आली तरी जादाची पॅकेट रांगेत न थांबता सरळ फेकली जातात. तुमचा पोर्ट १० जीबीपीएसचा, राउटर त्याच वेगाने ओततो, सरासरी आलेख ३०० एमबीपीएस दाखवतो, आणि तरी गळती. आपल्या राउटरवर त्या व्हीलॅनला शेपिंग, म्हणजे जादाची पॅकेट थोडी थांबवून सोडणं, लावा, सर्किटपेक्षा थोडं कमी, ४८० वगैरे. एवढ्याने अर्ध्या तक्रारी मिटतात. शेपिंग न येणारा स्वस्त स्विच या जागी लावू नका.

वाट कोण ठरवतं

जाणारी वाट तुम्ही ठरवता, येणारी समोरचा. हे एक वाक्य डोक्यात बसलं की बीजीपीची निम्मी भीती जाते. येणाऱ्या वाहतुकीला आपण फक्त सुचवू शकतो: एएस पाथ (वाटेतल्या नेटवर्कची यादी) लांबवून, किंवा एडब्ल्यूएसला ७२२४:७३०० आणि ७२२४:७१०० अशा कम्युनिटी, म्हणजे रूटवरच्या खुणा, लावून, पहिली पसंतीची वाट, दुसरी नावडती. पण जास्त नेमका रूट असला तर तो या सगळ्यावर मात करतो. दुसऱ्या डेटा सेंटरमधून कोणी चुकून /२४ सोडलं आणि पहिल्यातून /१६ जात असेल, तर वाहतूक दुसरीकडून शिरते, पहिल्या डेटा सेंटरच्या फायरवॉलला संभाषणाचा अर्धाच भाग दिसतो आणि ती पॅकेट टाकून देते. पिंग चालतं, ॲप्लिकेशन चालत नाही. फायरवॉल स्टेटफुल, म्हणजे पूर्ण संभाषण लक्षात ठेवणारी, असेल तर येण्याजाण्याची वाट एकच राहील अशी आखणी करा, नाहीतर फायरवॉल दोन वाटा जिथे एकत्र येतात त्याच्या मागे न्या.

तुटलेलं किती वेळात कळणार? बीजीपीचा होल्ड टाइम, म्हणजे समोरून काही आलं नाही तर थांबायचा वेळ, बऱ्याच राउटरवर १८० सेकंद असतो. फॅब्रिकच्या आत किंवा पलीकडे काही तुटलं तरी तुमचा पोर्ट हिरवाच राहतो, त्यामुळे तीन मिनिटांपर्यंत वाहतूक हवेत जाते. यावर बीएफडी, म्हणजे समोरचा जिवंत आहे का ते भराभर तपासणारी यंत्रणा, लावायचं. ३०० मिलिसेकंद आणि तीन हुकले की खाली, म्हणजे साधारण एका सेकंदात. एडब्ल्यूएस आपल्या बाजूने बीएफडी तयार ठेवतं, पण तुमच्या राउटरवर लावल्याशिवाय ते काम करत नाही.

तुमचा राउटर दोन क्लाउडच्या मध्ये बसलाय हे विसरू नका. गाळणी नसेल तर तो ॲझ्युरचे रूट एडब्ल्यूएसला सांगतो आणि दोन क्लाउडमधली वाहतूक तुमच्या डेटा सेंटरमधून वळसा घालून जाते. ती हवी असेल तर गोष्ट वेगळी, आणि मग फॅब्रिकवरच व्हर्च्युअल राउटर घेणं बरं. इक्विनिक्स आणि मेगापोर्ट दोघांकडे तो मिळतो, रॅकही लागत नाही. डीफॉल्ट रूट, म्हणजे ‘बाकी सगळं इकडे पाठवा’, क्लाउडकडे जाहीर करण्याआधी तर दोनदा विचार करा, कारण मग क्लाउडमधल्या प्रत्येक सर्व्हरचं इंटरनेट तुमच्या लाइनवरून यायला लागतं.

आणि डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणं. सर्किट वर, बीजीपी वर, रूट बरोबर, तरी ॲप्लिकेशन इंटरनेटवरूनच जातंय, कारण नावाला सार्वजनिक पत्ता मिळतोय. नेटवर्कवाले म्हणतात आमचं काम झालं, सर्व्हरवाले म्हणतात आमचंही झालं. खासगी नावं कोणत्या बाजूचा सर्व्हर सोडवणार, हे कोष्टकातच लिहून टाका.

खासगी वाट म्हणजे कूटबद्ध वाट नव्हे, हेही इथेच. व्हीलॅन वेगळा आहे, मजकूर उघडाच आहे. ॲप्लिकेशन स्वतःच टीएलएसने कूटबद्ध करत असेल तर उत्तम, नसेल तर वरून आयपीसेक, आणि मग त्याचे बाइट एमटीयूतून वजा.

ऑर्डरचा क्रम

आधी खऱ्या वस्तू: पोर्ट, मग फॅब्रिककडून मिळालेलं अधिकारपत्र, म्हणजे एलओए, घेऊन इमारतीकडे क्रॉस कनेक्टची मागणी. वेळ इथेच जातो. एलओएला मुदत असते, ती संपू देऊ नका. लिंक वर आल्यावर दोन्ही बाजूंची प्रकाशपातळी नोंदवून ठेवा, पुढे भांडणात कामी येते.

क्लाउडच्या बाजूचं सर्किट त्यानंतर. एक्सप्रेसरूटचं बिल सर्व्हिस की (सर्किटची ओळख म्हणून फॅब्रिकला द्यायचा क्रमांक) तयार झाली त्या क्षणापासून चालू होतं, पलीकडे वायर असो वा नसो. उत्साहाने आधीच की बनवून ठेवली तर क्रॉस कनेक्टची वाट पाहत फुकट भाडं जातं. गूगलची पेअरिंग की प्रत्येक अटॅचमेंटला वेगळी आणि एकदाच वापरायची. एडब्ल्यूएसचं होस्टेड कनेक्शन तुमच्या खात्यात येऊन पडतं आणि ते कोणीतरी स्वीकारावं लागतं. तो अधिकार कोणाकडे आहे हे आधी शोधून ठेवा, नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

वाहतूक वळवण्याआधी

लाल पेनचा कागद पुन्हा काढा आणि प्रत्येक फुली खरोखर मारा. पोर्ट बंद करा, राउटर रीस्टार्ट करा, एका बाजूचं बीजीपी पाडा, आणि सतत चालणाऱ्या पिंगमध्ये किती सेकंदांची खाच पडली ते फुलीसमोर लिहा. मग परत जोडा आणि वाहतूक मूळ वाटेवर येते का तेही बघा. परतीच्या वेळीच जास्त घोळ होतात. एमटीयूसाठी डीएफ बिट (पॅकेट तोडू नका ही खूण) लावून १,४७२ बाइटचा पिंग, ९,००० बाइटच्या वाटेवर ८,९७२ चा. बँडविड्थ दोन्ही दिशांनी वेगवेगळी मोजा. एका बाजूचं सर्किट दुसरीपेक्षा लहान नोंदलं गेलंय हे असंच सापडतं.

कोष्टकाच्या शेवटच्या रकान्यात प्रत्येक सर्किटचा फॅब्रिकमधला क्रमांक, क्लाउडमधला क्रमांक, क्रॉस कनेक्टचा क्रमांक आणि तिघांचे मदतकक्ष लिहा. रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस पहिला प्रश्न सर्किट आयडीचाच विचारतो, आणि त्याला त्याच्याकडचा आयडी हवा असतो, तुमचा नाही.

तात्पुरतं घेतलेलं ते पहिल्या भरतीचं सर्किट काढताना दोन्हीकडून काढा. फॅब्रिकवरून हटवलं म्हणजे क्लाउडचं बिल थांबलं असं नाही. एक्सप्रेसरूटमध्ये आधी पुरवठादाराने त्याच्या बाजूने सोडायचं, स्थिती ‘नॉट प्रोव्हिजन्ड’ दिसली की मग तुम्ही सर्किट काढायचं. क्रॉस कनेक्टही लागत नसेल तर इमारतीकडे वेगळी लेखी मागणी द्यावी लागते, ती कोणी आपणहून उपटत नाही. पुढच्या महिन्याच्या तिन्ही बिलांत ती ओळ गेलेली दिसली की मगच कोष्टकातली ती नोंद खोडा.